तीन बटणांचा वेढा

माणसाचं सगळं आयुष्य तीन गोष्टींवर उभं असतं: त्याने केलेली निवड, नेमकी वेळ साधण्याची त्याची हातोटी, आणि नशीब. या तिन्हींचं योग्य प्रमाण ज्याला सापडलं, त्याला जगण्याचं मर्म सापडलं.

टक्केसर हे वाक्य पहिल्यांदा बोलले ते मेव्हण्याच्या फरशांच्या दुकानात, न्हाणीघराच्या फरशांपाशी उभं राहून. मेव्हण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊजी, जरा बाजूला सरकता का? गिऱ्हाइकाला निळ्या बघायच्यात."

टक्केसरांनी अकरा वर्षं कॉलेजात गणित शिकवलं होतं, त्यामुळे 'सर' चिकटलं होतं. 'टक्के' चिकटलं ते आकड्याशिवाय त्यांना काही बोलताच येत नसे म्हणून. चहा घेणार का विचारलं तर 'पासष्ट टक्के' म्हणायचे. लग्नाला होकार देतानाही त्यांनी ब्याण्णव हा आकडा सांगितला होता, आणि बायको उरलेले आठ अजून विसरली नव्हती.

चार वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली आणि डावपेचांचा एक मोबाइल गेम करायला घेतला. नाव 'वेढा'. समोर एक किल्ला, तुमच्याकडे फौज. प्रत्येक डावात खाली तीन बटणं येतात: हल्ला, सुरुंग, बोलणी. त्यातलं एक निवडायचं. मग पडद्यावर एक सुई डावीकडून उजवीकडे पळते आणि ती हिरव्या पट्टीवरून जात असताना अंगठा टेकवायचा. त्यानंतर नशीब आपला हात फिरवतं, आणि तटबंदीचे किती दगड पडले त्याचा आकडा येतो. निवड साठ टक्के, वेळ पंचवीस, नशीब पंधरा. हे प्रमाण सरांनी फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली होती आणि ती पुसायला बंदी होती. त्यामुळे बाकीचं सगळं गणित उरलेल्या वीतभर जागेत चालायचं.

ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी बारा महिने कोमट. दोन टेबलं, दोन खिडक्या, त्यातली एक रंगाने चिकटून बसलेली. सरांखेरीज तिथे एकच माणूस काम करायचं: प्रोग्रामरबाई. त्या आधी लिफ्टच्या कंपनीत होत्या. त्यांचा चेहरा बंद लिफ्टच्या दारासारखा होता. आत कोणी आहे की नाही ते बाहेरून कळत नसे.

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. आकडा ऐकला की तो कशाचा, हे विचारायची तिला सवय होती. चौथं वर्ष लागल्यावर तिने एका जेवणात विषय मिटवला.

"अहो, हा खेळ कोणीतरी बाहेरचं माणूस कधी बघणार आहे का?"

"वितरक कंपनीचा परीक्षक येणार आहे. नव्वद टक्के याच वर्षी."

"त्याने घेतला तर ठीक. नाही घेतला तर पुढच्या एक तारखेपासून दादाच्या दुकानात. मी त्याच्याशी बोलले आहे."

मेव्हणा उत्साही होता. त्याने दुकानाचा शर्टही शिवून घेतला. खिशावर फरशीचं चित्र आणि मागे 'पाय ठेवाल तिथे आम्ही'. तो शर्ट सरांच्या कपाटात पहिल्याच हँगरला लागला. रोज सकाळी कपाट उघडलं की तो आधी हातात यायचा.

तर पणाला काय लागलं होतं, ते हे असं.

*

आता सासूबाई. त्या शेजारच्याच गल्लीत राहायच्या आणि दर दुपारी कपडे इस्त्रीला घेऊन लाँड्रीत यायच्या. कपडे होईपर्यंत खाली उभं राहण्यापेक्षा जावयाकडे वर येऊन बसायच्या. सरांनी एकदा सौजन्य म्हणून त्यांच्या हातात फोन दिला.

सासूबाई पहिला डाव जिंकल्या. दुसराही. शनिवारपर्यंत सलग एक्केचाळीस.

"आई, तुम्ही कशी काय ठरवता? हल्ला की सुरुंग?"

"ठरवायचं असतं होय? मी आपली पहिलं बटण दाबते. मग ती सुई आली की टेकवते."

सासूबाईंनी एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात काढली होती. पट्ट्यावरून मिनिटाला ऐंशी बाटल्या पुढे सरकायच्या आणि वाकडं झाकण दिसलं की ती बाटली उचलून बाजूला ठेवायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत चार बाटल्या सुटल्या होत्या. त्या चारही त्यांना तारखेसह आठवत. अशा बाईला पडद्यावरची सुई म्हणजे पेन्शन घेऊन फिरायला निघालेला माणूस.

सरांचा जीव कासावीस झाला. साठ टक्के निवडीचा खेळ, आणि म्हातारी न निवडताच किल्ला घेऊन मोकळी होते. त्यांनी प्रोग्रामरबाईंना हिरवी पट्टी अरुंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा जिंकल्या. पट्टी आणखी अरुंद झाली, सुईचा वेग वाढला. सासूबाई चष्मा पुसून जिंकल्या.

"आता जरा बरं झालं," त्या म्हणाल्या. "आधी झोप यायची."

हे सात महिने चाललं. सरांनी सासूबाईंच्या अंगठ्याचा आलेख काढला, रोजच्या रोज. मोजमापात घोळ नको म्हणून प्रोग्रामरबाईंनी सुरुवातीलाच आत काहीतरी तात्पुरती सोय करून ठेवली होती. सरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण 'तात्पुरती' या शब्दावर त्यांचा विश्वास होता. सातव्या महिन्याच्या अखेरीस पट्टी केसाएवढी झाली आणि सासूबाई पहिल्यांदा हरल्या. सरांनी त्या दिवशी जिलेटिनचा कागद लावलेला केक आणला. सासूबाईंनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "शिंक आली हो मला."

मग सरांनी लाँड्रीच्या रांगेतली माणसं वर बोलावली. टॅक्सीवाला एक, शाळेतल्या एक बाई, एक घड्याळजी, आणि स्वतः लाँड्रीवाला. चौघांत मिळून दोन तासांत एकालाही पट्टी सापडली नाही. घड्याळजी चौदा वेळा चुकला आणि फोन उलटा करून त्याच्या पाठीकडे बघू लागला.

"याची सुई सैल आहे," तो म्हणाला.

"ही चित्रातली सुई आहे."

"असेल. पण सैल आहे."

सरांच्या लक्षात यायला अजून एक दिवस गेला. सात महिने खपून त्यांनी एक असा खेळ बनवला होता, जो पृथ्वीवर फक्त त्यांच्या सासूला खेळता येत होता.

*

पट्टी पुन्हा अंगठ्याएवढी झाली. लोकांना ती सापडू लागली, आणि त्यामुळे लोक नशिबापर्यंत पोचले. तिथे नवंच लचांड उभं राहिलं.

लाँड्रीवाला दुपारी इस्त्री खाली ठेवून जिना चढून आला. हातात फोन.

"सर, इथे लिहिलंय यश सत्तर टक्के. मी सलग तीनदा हरलो."

"सत्तर म्हणजे शंभर नव्हे."

"ते मला कळतं. पण सत्तर म्हणजे व्हायला पाहिजे ना?"

सरांनी खडू उचलला. चौकटीशेजारच्या वीतभर जागेत त्यांनी मांडून दाखवलं की सत्तर टक्क्यांवर सलग तीनदा हरणं हजारात सत्तावीस वेळा घडतं. लाँड्रीवाल्याने ते नीट वाचलं.

"मग ते सत्तावीस माझ्याच वाट्याला का?"

"कोणाच्या तरी वाट्याला येणारच."

"तुमच्या येऊ द्या की. तुम्ही केलाय खेळ." आणि खाली जाता जाता म्हणाला, "सत्तर कशाला लिहायचं मग? लिहायचं, बघू काय होतंय."

तो गेल्यावर प्रोग्रामरबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "सर, दाखवताना सत्तर दाखवू. आत पंच्याऐंशी चालवू. माणसाला जे सत्तर वाटतं ते पंच्याऐंशी असतं."

"म्हणजे खोटं बोलायचं? मी मेल्यावर करा."

"परीक्षक मंगळवारी येतोय. तोपर्यंत तुमचं मरण जमेलसं दिसत नाही."

सर खिडकीशी गेले, जी उघडत नव्हती तिच्याशी, आणि तिथे वीस मिनिटं उभे राहिले. गणिताच्या मास्तराने अकरा वर्षं पोरांना सांगायचं की सत्तर म्हणजे सत्तर, आणि आता हे. शेवटी ते पाठमोरेच म्हणाले, "त्र्याऐंशी करा."

"पंच्याऐंशी."

"बरं."

त्या रात्री त्यांनी मनाची समजूत घातली. वेळेचा भाग सासूबाईंनी लोळवला होता, नशिबाचा भाग बाटला होता; तरी साठ टक्के निवड शाबूत होती. निवड म्हणजे खेळाचा आत्मा. तिथे कोणी हात लावला नव्हता.

म्हणून मंगळवार येईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. निवडीचा एक मोठा तक्ता होता, तीनशे बारा ओळींचा: कोणत्या तटापुढे सुरुंगाने किती दगड, कोणत्या ऋतूत बोलण्यांनी किती. सर त्या तक्त्यात एकेक आकडा सोनाराच्या हाताने हलवत होते. सुरुंग बेचाळीसवरून चव्वेचाळीस केला. रविवारी घड्याळजीला पुन्हा खेळायला दिलं.

"काही फरक जाणवतो?" सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

घड्याळजीने मान तिरकी केली. "सुरुंगात जोर आलाय जरा."

सरांच्या अंगावर काटा आला. दोन दगडांचा फरक, आणि माणसाच्या हाताला कळतो. त्यांनी स्वतः तीन डाव खेळून बघितले. त्यांनाही जोर स्पष्ट जाणवला.

*

परीक्षक उंच आणि सर्दी झालेला माणूस निघाला. तो स्वतः खेळ खेळत नसे. खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचा. त्याने सोबत बारा माणसं आणली होती. नियम साधा: पाऊण तास खेळायला द्यायचं, मग फोन काढून घ्यायचे. बारापैकी आठांनी तरी आपणहून पुन्हा मागितला तर खेळ पास.

बारा माणसं कोमट फरशीवर ओळीने बसली. सर फळ्याला टेकून उभे राहिले. चौकटीतले साठ त्यांच्या कोटाच्या पाठीवर उलटे उमटले. पाऊण तासाने परीक्षकाने फोन मागितले. अकरा जणांनी अजून एक डाव मागितला. बाराव्याने मागितला नाही, कारण त्याने फोन दिलाच नव्हता.

"अडचणीत आलो की मी बोलणी करतो," एक बाई शेजारणीला सांगत होती. "लोक उगाच हल्ला करतात."

"सुरुंगाला संयम लागतो," दुसरा म्हणाला. "सगळ्यांचं काम नाही ते."

परीक्षकाने नाक पुसलं. "निवडीला वजन आहे तुमच्या. हे फार कमी खेळांत असतं. पुढच्या मंगळवारी दुसरी फेरी, मग सही. तोवर काहीही बदलू नका."

त्या संध्याकाळी सरांनी घरी जाऊन कपाट उघडलं आणि तो शर्ट पहिल्या हँगरवरून शेवटच्या हँगरवर नेऊन ठेवला. बायकोने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. दोन डाव जिंकल्या, आणि त्यांनी सहज विचारलं, "जावईबापू, या तिन्हींत फरक काय असतो हो?"

सरांना भरून आलं. इतक्या महिन्यांनी बाईने निवडीविषयी चौकशी केली होती. ते खुर्ची ओढून बसले. "आई, थांबा. दाखवतोच. आधी आपण नशीब बंद करू." आणि त्यांनी सेटिंगमधली एक टिकेची खूण काढून नशीब बंद केलं. एवढी सोय देवाकडेही नसावी. "आता तुम्ही एकच डाव तीनदा खेळा. आधी हल्ला, मग सुरुंग, मग बोलणी. अंगठा मात्र तिन्ही वेळा एकाच ठिकाणी टेकवा."

दुसऱ्या कोणाला हे सांगून उपयोग नव्हता. सासूबाईंनी तिन्ही वेळा केसाचाही फरक न करता अंगठा टेकवला.

हल्ला: सदतीस दगड. सुरुंग: सदतीस दगड. बोलणी: सदतीस दगड.

"चित्रं छान वेगवेगळी आहेत," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा खेळायला लावलं. सदतीस, सदतीस, सदतीस. प्रोग्रामरबाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचं दार पहिल्यांदाच थोडं उघडलं होतं.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या. "ते राहिलंच."

"काय राहिलं?"

"आईंचा अंगठा मोजायचा होता ना आपल्याला. निवडीमुळे आकडा हलायचा. म्हणून मी तिन्ही बटणं एकाच आकड्याला जोडली. तात्पुरती."

"केव्हा?"

"पहिल्याच आठवड्यात. म्हणजे सात महिने झाले. आठ धरा."

सर हळूच म्हणाले, "आणि माझा तक्ता?"

"तक्ता चांगला आहे. खेळ तो वाचत नाही."

"मी सुरुंग चव्वेचाळीस केला होता."

"हो, मी बघितलं. एवढी मेहनत करताय म्हटल्यावर मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"त्या घड्याळजीला जोर जाणवला होता."

"आमच्या लिफ्टमध्येही दार बंद करायचं बटण जोडलेलं नसायचं," प्रोग्रामरबाई म्हणाल्या. "एक गृहस्थ आम्हाला कळवायचे, तिसऱ्या मजल्यावर ते जरा जड लागतं म्हणून."

सासूबाईंनी पिशवी उचलली. "कपडे झाले असतील माझे," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

*

टक्केसरांनी चौथ्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भांडी पुसणं थांबवलं नाही.

"मग जोडा की ती बटणं."

"परीक्षकाने काही बदलू नका म्हणून सांगितलंय."

"मग नका जोडू."

"पण मग हा माझा खेळ कुठे राहतो? वेळ आईंच्या अंगठ्याने ठरली. नशिबात मी खोटं बोललो. निवड हेच तेवढं माझं होतं आणि ते नाहीच आहे."

"अहो, मी निकाल लिहिते तेव्हा रक्तात काय निघालं ते लिहिते, काय निघायला हवं होतं ते नाही." मग तिने फडकं झटकलं. "तुम्हाला काय हवंय ते तुमचं तुम्ही ठरवा. एकदा तरी टक्के न लावता."

सरांनी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शंभर टक्के खात्री वाटली. सोमवारी प्रोग्रामरबाईंनी बटणं खऱ्या तक्त्याला जोडली. सुरुंग सुरुंगासारखा झाला, बोलणी बोलण्यांसारखी. सरांनी सासूबाईंना खेळवून बघितलं: सत्तावीस, चव्वेचाळीस, एकोणीस. ते आकडे त्यांनी कितीतरी वेळ नुसते बघितले.

मंगळवारी परीक्षक आला, तीच बारा माणसं घेऊन. पाऊण तास झाला. फोन मागितले. चौघांनी पुन्हा मागितला, त्यातल्या एकाला घरी फोन करायचा होता.

"मागच्या वेळी डोकं चालत होतं माझं," बोलणीवाली बाई म्हणाली. "आज सगळं नशिबावर. मी तिन्ही वेळा विचार करून बोलणी केली आणि किल्ल्याने ऐकलंच नाही."

"सुरुंगही उगाच," दुसरा म्हणाला. "कधी चालतो, कधी नाही. मनमानी आहे नुसती."

"तो कडक तटापुढे चालतो, मऊ मातीत नाही," सर म्हणाले. "वर लिहिलेलं असतं, कुठला तट आहे ते."

"वाचत कोण बसतं?"

परीक्षक सरांना जिन्यात घेऊन गेला. "तुम्ही काहीतरी बदललंत."

"मी निवड वाढवली."

"कमी करा. ही माणसं चारपर्यंत माझ्याकडे आहेत. तीन वाजता मागच्या मंगळवारसारखा खेळ दाखवता आला तर दाखवा. नाही तर राहू द्या, मला सर्दी झालीये, मी घरी जातो."

परीक्षक खाली चहा प्यायला गेला. सर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिले. खालून लाँड्रीवाला म्हणाला, "सर, वाटेत बसलात." ते भिंतीकडे सरकले. एक बाई चादरींचं गाठोडं घेऊन त्यांच्या बाजूने गेली. चार वर्षं, तीनशे बारा ओळी, आणि वर बसलेली बारा माणसं, ज्यांना डोकं चालवल्यासारखं वाटायला हवं होतं आणि चालवायचं नव्हतं. सरांना त्यांचा राग आला. मग त्यांना आठवलं की सुरुंगातला जोर त्यांना स्वतःलाही जाणवला होता, आणि राग धरायला जागा उरली नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ते वर गेले.

"काढा," ते म्हणाले.

"सगळं?" प्रोग्रामरबाईंनी विचारलं.

"निवड काढा. चित्रं राहू द्या."

एक ओळ बदलायची होती. अकरा सेकंद लागले. तीन वाजता पुन्हा फोन वाटले, आणि पाऊण तासाने त्याच बारा जणांपैकी दहांनी आपणहून फोन परत मागितला. "आता कसं," बोलणीवाली बाई म्हणाली, "आता विचाराला वाव आहे." परीक्षकाने फळ्याला कागद टेकवून सही केली.

'वेढा' बाजारात येऊन पाच महिने झाले. तिन्ही बटणं एकाच आकड्याला जोडलेली आहेत. आजवर चार तक्रारी आल्या, चारही संगीताच्या आवाजाबद्दल.